दात आतून उजळतो

१९६० च्या दशकाचा शेवट. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात बिल क्लुस्मायर नावाचे दात सरळ करणारे डॉक्टर होते. सरळ केलेले दात पुन्हा हलू नयेत म्हणून पेशंटला रात्री तोंडात एक साचा घालून झोपावं लागतं. ज्यांच्या हिरड्या सुजलेल्या असत त्यांना क्लुस्मायर सांगत, की साच्यात थोडं जंतुनाशक औषध भरा आणि मग झोपा. त्या औषधात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड होतं. हिरड्या सुधारल्या आणि त्याबरोबर दातही पूर्वीपेक्षा पांढरे दिसू लागले. जवळजवळ वीस वर्षं ही गोष्ट डॉक्टरांच्या आपसातल्या बोलण्यातच फिरत राहिली. १९८९ मध्ये व्हॅन हेवूड आणि हॅरल्ड हेमन यांनी ती दंतवैद्यकाच्या नियतकालिकात पद्धतशीर मांडली. ट्रे म्हणजे असा साचा आणि त्यात भरायचं औषधी जेल वापरून घरच्या घरी दात उजळण्याची आजची पद्धत तिथून सुरू झाली.

हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. ज्या औषधानं दात उजळले ते मुळात सुजलेल्या हिरड्यांना चालेल इतकं सौम्य होतं, आणि ते रात्रभर तोंडात राहत होतं. औषध सौम्य, वेळ भरपूर. पन्नासहून अधिक वर्षं झाली, तरी सुरक्षितपणाचं गमक तेच आहे.

दात पिवळे का दिसतात, हे आधी बघू. दाताचं बाहेरचं कवच म्हणजे एनॅमल. वजनाच्या हिशेबानं ते सुमारे ९६ टक्के खनिज असतं आणि काचेसारखं अर्धपारदर्शक असतं. त्याच्या आत डेंटिनचा थर असतो आणि त्याचा रंग मुळातच पिवळसर असतो. आपल्याला दाताचा जो रंग दिसतो तो बराचसा एनॅमलमधून झिरपून आलेला डेंटिनचा रंग असतो. वय वाढतं तसं एनॅमल झिजून पातळ होतं, आतलं डेंटिन जाड आणि गडद होत जातं. म्हणून कितीही नीट घासले तरी चाळिशीतले दात विशीतल्या दातांसारखे दिसत नाहीत. त्यात घासणाऱ्याची काही चूक नसते.

चहा, कॉफी, तंबाखू यांचे डाग आधी पृष्ठभागावर बसतात. ते डॉक्टरकडे दात साफ करून घेतले की बरेचसे निघतात. पुष्कळांना तेवढंच पुरतं, जेलची गरजच पडत नाही. पण वर्षानुवर्षं रंगद्रव्यं आत मुरलेली असतील, तर घासून काही होत नाही. तिथे रसायनच लागतं.

कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे युरियाला बांधलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड. ओलावा मिळाला की ही गाठ सुटते. १० टक्क्यांच्या जेलमधून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मोकळं होतं. त्याचा रेणू अगदी लहान असतो. एनॅमलच्या सूक्ष्म फटींतून तो डेंटिनपर्यंत जातो, आणि पाच ते पंधरा मिनिटांत दाताच्या नसेपर्यंतही पोहोचतो. रंगद्रव्यांचे रेणू लांबलचक असतात. त्यांच्यात एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते आणि ती प्रकाशातले काही रंग शोषून घेते, म्हणून ते पिवळे-तपकिरी दिसतात. पेरॉक्साइड ही साखळी मध्येच तोडतं. उरलेले तुकडे रंगहीन असतात. म्हणजे दातावरून काही खरवडलं जात नाही, आतल्या रंगाचा रेणू मोडतो. एनॅमल जागेवरच राहतं.

लिंबू चोळणं आणि कोळशाची पूड घासणं यांच्याविषयी मी इतक्या कळकळीनं का सांगते, ते यावरून कळेल. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीचच्या आसपास असतो, आणि ५.५ च्या खाली गेलं की एनॅमल विरघळू लागतं. कोळसा वरवरचे डाग घासून काढतो, पण त्याबरोबर एनॅमलही झिजवतो. दोन्हीचा परिणाम एकच. कवच पातळ होतं, आतलं पिवळं डेंटिन आणखी ठळक दिसू लागतं आणि गेलेलं एनॅमल पुन्हा येत नाही.

आता ट्रेकडे येऊ. लाळेतली विकरं पेरॉक्साइडचं भराभर पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतात. जेल दाताला चिकटून राहावं आणि लाळेपासून दूर राहावं, एवढ्यासाठी ट्रे असतो. डॉक्टर दातांचं माप घेतात, प्लास्टरचा नमुना करतात आणि त्यावर सुमारे एक मिलिमीटर जाडीचा मऊ प्लास्टिकचा पत्रा गरम करून ओढून बसवतात. असा ट्रे दातांवर झग्यासारखा लोंबत नाही, कातडीसारखा बसतो. गरम पाण्यात मऊ करून स्वतःच चावून घ्यायचे तयार ट्रेही मिळतात, पण ते सैल राहतात. जेल बाहेर येऊन हिरड्यांवर पसरतं आणि लाळ आत शिरते. खर्च करायचाच असेल तर तो मापाच्या ट्रेवर करा, महागड्या जेलवर किंवा दात लवकर उजळावेत म्हणून त्यांच्यावर धरतात त्या निळ्या दिव्यावर नको. दिव्यानं मिळणारी झटपट चमक पुष्कळदा दात कोरडा पडल्यामुळे दिसते. ओलावा परतला की ती उतरते.

रात्री दात घासा, फ्लॉस करा, म्हणजे दातांच्या फटी दोऱ्यानं साफ करा. ट्रेमध्ये प्रत्येक दाताच्या समोरच्या बाजूला जेलचा अगदी लहान ठिपका ठेवा. ट्रे बसवल्यावर हिरडीवर आलेलं जेल बोटानं किंवा कापसानं पुसून घ्या. नवखी माणसं नेमकी जास्त जेल भरतात. हिरडी पांढरी पडली, चुरचुरली, तर घाबरू नका. ट्रे काढा, चूळ भरा, रंग बहुधा काही तासांत पूर्ववत होतो. पुढच्या वेळी मात्र जेल निम्मं करा. सकाळी ट्रे काढून दात स्वच्छ करा. जेलची सिरिंज उन्हात किंवा गरम जागी राहिली तर त्यातलं पेरॉक्साइड वाया जातं. ती थंड जागी ठेवा.

१० टक्क्यांच्या जेलनं साध्या पिवळेपणाला साधारण दोन आठवडे लागतात. ३५ टक्क्यांच्या जेलनं काम लवकर होतं हे खरं, पण शेवटी दोघांनी गाठलेली छटा जवळपास सारखीच असते. वाचलेल्या दिवसांची किंमत शिवशिवीच्या रूपात मोजावी लागते. लहानपणी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक औषध घेतल्यामुळे करडे झालेले दात मात्र चिवट असतात. त्यांना दोन ते सहा महिने लागू शकतात, आणि तिथे धीर धरण्यावाचून उपाय नाही.

शिवशिव बहुतेकांना थोडीफार होते. पेरॉक्साइड नसेपर्यंत पोहोचतं आणि ती चिडते, इतकं ते सरळ आहे. एक दिवसाआड ट्रे घाला, किंवा वेळ कमी करा. पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट ट्रेमध्ये भरून दहा ते तीस मिनिटं ठेवली तर नस शांत होते. उपचार थांबला की त्रासही काही दिवसांत जातो. एकाच दातातून जोराची कळ येत राहिली तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. तिथे कीड किंवा भेग असू शकते.

म्हणूनच सुरुवात तपासणीनं व्हावी असा माझा आग्रह आहे. किडलेल्या दातात जेल गेलं तर ते फार वेगानं नसेवर जातं. एकच दात काळवंडला असेल तर त्याची नस मेलेली असू शकते, तिथे आधी एक्स-रे हवा. अठरा वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे करू नये. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. फिलिंग आणि कॅप यांचा रंग जेलनं बदलत नाही. आजूबाजूचे दात उजळले की समोरचं जुनं फिलिंग उठून दिसतं. ते बदलायचं असेल तर उपचार संपल्यावर दोन आठवडे थांबा. एक तर तोवर रंग स्थिर होतो. दुसरं म्हणजे दातात राहिलेला ऑक्सिजन निघून जातो, नाहीतर नवं फिलिंग नीट चिकटत नाही.

पहिल्या काही दिवसांत दातांवर पांढरे ठिपके दिसले तर बऱ्याच जणांचा धीर सुटतो. ते ठिपके आधीपासूनच असतात. दाताचा तो भाग लवकर उजळतो, बाकीचा मागून येतो आणि फरक कमी होतो. थांबायचं कधी, यासाठी डॉक्टर एक सोपी खूण सांगतात. आरशात डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात शेजारी शेजारी बघा. दोन्ही जुळले की पुरे. त्याच्या पुढे गेलेला रंग चेहऱ्याला शोभत नाही.

ट्रे थंड पाण्यानं धुवा आणि कोरडे करून डबीत ठेवा. गरम पाणी लागलं तर प्लास्टिक वाकडं होतं आणि माप बिघडतं. रंग हळूहळू उतरतो. पुढे कधी तो फिका वाटला, तर याच ट्रेमध्ये एक-दोन रात्री जेल घातलं की बहुतेकदा भागतं.