लिंगभाव अभ्यास म्हणजे पुरुषांविरुद्धची तक्रार?

‘विद्यापीठातला लिंगभाव (जेंडर) अभ्यास म्हणजे पुरुषांविरुद्धची तक्रार, त्यातून हाती काही लागत नाही,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. नावावरून तसा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु शरीराने ठरलेले काय आणि समाजाने गृहीत धरलेले काय, हा या विषयाचा मूळ प्रश्न आहे. उदाहरणार्थ, झोल्पिडेम या झोपेच्या औषधाला अमेरिकेत १९९२ मध्ये मंजुरी मिळाली. ते स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते आणि सकाळीही गुंगी राहू शकते, म्हणून स्त्रियांसाठीची नेहमीच्या गोळीची शिफारस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली गेली, ती मात्र २०१३ साली. मधली वीस वर्षे स्त्री-पुरुष दोघांना एकच मात्रा का, हे विचारणे निरुपयोगी कसे? पडताळायचे असल्यास एखाद्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम उघडून घटकांची नावे वाचावीत. श्रम, कायदा, आरोग्य यांच्याबरोबर बहुधा ‘पुरुषत्व’ हाही घटक सापडेल.