तरुणपणीचं डिप्रेशन आणि म्हातारपणीचा डिमेन्शिया, ही लिंक आली कुठून

म्हातारं माणूस विसरायला लागलं की आपल्याकडं साठी बुद्धी नाठी म्हणायचं आणि विषय संपवायचा. त्या माणसाला तिशी-चाळिशीत डिप्रेशन होतं का, गोळ्या चालू होत्या का, हे कुणी काढतच नाही. पण डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि विचारशक्ती ढासळत जाण्याचा आजार, यावरचं अलीकडचं संशोधन बघितलं तर नेमकं तेच विचारायला पाहिजे.

डिमेन्शियाच्या एका प्रकाराला ज्यांचं नाव आहे त्या आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांची त्या आजाराची पहिली पेशंट, ऑगुस्टे डेटर नावाची बाई, १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मेंटल हॉस्पिटलात आली, वय ५१. तिला नुसतं विसरायला होत नव्हतं, नवऱ्यावर संशय, भीती, आरडाओरडा असं सगळं होतं. ती १९०६ मध्ये वारली, मग त्यांनी तिचा मेंदू तपासून त्यातले बदल सांगितले. त्यानंतर मात्र बरीच वर्षं मनाचे आजार एका खात्यात आणि म्हातारपणीचं विसरणं दुसऱ्या खात्यात असंच चाललं. १९६१ मध्ये लेस्ली किलो या डॉक्टरांनी लिहिलं की काही म्हातारी माणसं डिमेन्शियाचीच वाटतात पण असतं डिप्रेशन, आणि उपचार केले की विसरणंही सुधारतं. चांगली बातमी होती, पण पुढं अशा सुधारलेल्या पेशंटवर काही वर्षं लक्ष ठेवलं तर त्यातल्या बऱ्याच जणांना नंतर खरोखरचा डिमेन्शिया झाला. तिथून या दोन्हीचा संबंध असावा ही शंका पक्की होत गेली.

मोठे आकडे आले ते जिथं सरकारी रेकॉर्ड नीट आहे अशा देशांतून. न्यूझीलंडमध्ये १७ लाख लोकांचं ३० वर्षांचं रेकॉर्ड तपासलं, २०२२ मध्ये छापून आलं, आणि मानसिक आजारासाठी हॉस्पिटलात राहिलेल्यांना पुढं डिमेन्शियाचा धोका तिपटीहून जास्त निघाला. डेन्मार्कच्या २०२३ च्या अभ्यासात डिप्रेशनचं निदान झालेल्यांना धोका दुपटीहून जास्त, मग ते डिप्रेशन तरुणपणी आलेलं असो की उतारवयात. याचा अर्थ डिप्रेशन झालं म्हणजे डिमेन्शिया होणारच असा बिलकुल नाही, बहुतेकांना होत नाही, हे घरच्यांनी आधी मनात पक्कं करावं.

आणि उलटा पुरावाही आहे. लंडनच्या सरकारी नोकरांवर २८ वर्षं चाललेल्या अभ्यासात (२०१७ मध्ये आला) मधल्या वयातल्या उदासीनं धोका वाढलेला दिसला नाही, डिमेन्शियाच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांत मात्र उदासी वाढत गेली. म्हणजे काहींच्या बाबतीत उदासी हे कारण नसून आजाराची पहिली पायरीच असावी. मला वाटतं दोन्ही खरं असणार, माणसागणिक वेगळं. बाकी डिप्रेशनकडून डिमेन्शियाकडं जायची वाट कशी असेल तर वर्षानुवर्षं ताण राहिला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं आणि मेंदूतल्या आठवणी साठवणाऱ्या भागावर परिणाम होतो, शिवाय माणूस घरात कोंडून घेतो, बीपी-शुगरकडं दुर्लक्ष, तंबाखू-दारू वाढते, आणि ही सगळी डिमेन्शियाचीही कारणं आहेत. लॅन्सेटच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, त्यात डिप्रेशन आहे.

आता आपल्या मराठवाड्याचं बघा. निजामाच्या काळात मनोरुग्णांचं हॉस्पिटल जालन्यात होतं, ते पन्नासच्या दशकात हैदराबादला एर्रागड्ड्याला गेलं. महाराष्ट्राची जुनी चार सरकारी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला, त्यातलं मराठवाड्यात एकही नाही. मग कुणाचं बिघडलं की बाहेरचं झालंय म्हणून देवऋषी नाहीतर दर्गा, आणि कागद कुठंच नाही. आज सासूबाईंना घेऊन लेक-सून ओपीडीत येतात, कॅरीबॅगमधी बीपीच्या गोळ्यांची पाकिटं, शुगरचे रिपोर्ट सगळं असतं, डॉक्टर विचारतात आधी कधी मानसिक त्रास, लेक लगेच म्हणतो तसलं काई नव्हतं आमच्यात. आणि दाराशी उभी असलेली सासूबाईंची नणंद हळूच म्हणते, धाकट्याच्या बाळंतपणानंतर वैनी दोन वर्षं बोलतच नव्हत्या की. ती दोन वर्षं खरं तर त्या केसपेपरवर यायला पाहिजेत.

किल्लारीच्या भूकंपाचं तर मला लई वाटतं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, हजारो माणसं गेली, घरं नवी बांधून मिळाली, पण ज्यांनी घरच्यांना ढिगाऱ्यातून काढलं त्यांच्या झोपेचं, दचकण्याचं काय झालं ते कुणाच्या फाईलीत आहे? अमेरिकेत माजी सैनिकांवर २०१० मध्ये अभ्यास झाला, आघातानंतरचा मानसिक आजार असलेल्यांना डिमेन्शियाचा धोका जवळपास दुप्पट दिसला. किल्लारीत तेव्हा जे तिशीत होते ते आता साठी ओलांडून गेलेत. त्यातलं कुणी विसरायला लागलं तर औसा-उमरग्याच्या डॉक्टरांना भूकंपाचं आपणहून सांगा, त्यानंतर झोप किती वर्षं गेली होती तेही सांगा, आणि मनाच्या गोळ्या चालू असतील तर हे वाचून बंद करू नका. आत्ता कुणाला त्रास असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.