टोंगा: आकाशातल्या जागांचा धनी, जमिनीवर फोनला महाग

जुलै २०२४ मध्ये टोंगाच्या सरकारने उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीला कळवलं, की परवाना मिळेपर्यंत आमच्या देशातली सेवा बंद ठेवा. मुहूर्त अगदीच वाईट निवडला. जूनअखेरीस वावाऊ आणि हापाई या उत्तरेकडच्या बेटसमूहांना राजधानीशी जोडणारी समुद्राखालची केबल निकामी झाली होती, आणि तिथल्या अनेकांचा आधार म्हणजे छपरावरच्या स्टारलिंकच्या डिशा. लोक खवळले, आणि सरकारने तात्पुरती परवानगी देऊन टाकली. बातमी म्हणून विषय तिथे संपतो. पण हा हुकूम काढणारा देश उपग्रहांच्या धंद्यात १९८० च्या दशकापासून आहे, तेही बड्या बड्या कंपन्यांच्या नाकावर टिच्चून.

टोंगा म्हणजे दक्षिण प्रशांत महासागरातलं राज्य. पावणेदोनशेच्या आसपास बेटं, त्यातली बरीचशी निर्जन, आणि वस्ती जेमतेम लाखभर. गादीवर राजघराणं, आणि २०१० च्या सुधारणांपर्यंत कारभाराच्या बहुतेक दोऱ्या राजाच्याच हातात. इथली रेडिओसेवा १९६१ साली सुरू झाली. तिचं नाव 'ए थ्री झेड'. यातलं 'ए थ्री' हे टोंगाला मिळालेलं आंतरराष्ट्रीय ओळखचिन्ह. १०१७ किलोहर्ट्झवरचं हे मध्यम लहरींचं केंद्र वादळाचे इशारे आणि मृत्यूच्या बातम्या दूरच्या बेटांपर्यंत पोहोचवत आलं आहे. देशातल्या स्पेक्ट्रमचा, म्हणजे रेडिओ-लहरींच्या पट्ट्यांचा हिशेब तसा सोपाच होता, कारण मागणारे होतेच किती? खरी गोष्ट घडली ती डोक्यावरच्या आकाशात.

विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर तो पृथ्वीच्याच गतीने फिरतो आणि जमिनीवरून एका जागी स्थिर दिसतो. डिश एकदा रोखली की पुन्हा हलवायला नको. अशी कक्षा एकच. त्यात एकाच पट्ट्यातल्या लहरी वापरणारे दोन उपग्रह फार जवळ आले, तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानात घुसतो. म्हणून 'जागा' मोजक्या. त्यांची नोंद जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे होते, आणि अर्ज करायचा हक्क सरकारांना, कंपन्यांना नाही. आधी आलेल्याचा हक्क आधी, ही तिथली मुख्य रीत. १९७६ साली बोगोटात विषुववृत्तावरच्या आठ देशांनी 'आमच्या डोक्यावरची कक्षा आमची' असा दावा ठोकला, पण त्याला कुणी भीक घातली नाही. गरीब देशांची तक्रार मात्र खरी होती: आम्ही उपग्रह सोडण्याइतके सधन होईपर्यंत रांगेत जागाच उरणार नाही. १९८५ आणि १९८८ च्या जागतिक परिषदांत काही पट्ट्यांपुरती प्रत्येक देशाला एकेक जागा राखून ठेवण्याची योजना झाली. धंद्यात चालणाऱ्या बहुतेक पट्ट्यांत मात्र रांग तशीच राहिली.

ही रांग आतून ओळखणारा माणूस टोंगाला भेटला. उपग्रह-उद्योगात उमेदीची वर्षं काढून निवृत्त झालेले मॅट्स निल्सन टोंगात येऊन राहिले, आणि त्यांनी राजे तौफाहाऊ तुपोऊ चौथे यांच्यापुढे कल्पना मांडली: तुम्ही सार्वभौम देश आहात, अर्ज करा, जागा मिळवा आणि ज्यांना हव्यात त्यांना भाड्याने द्या. राजाला अशा योजनांचं वावडं नव्हतं. परदेशी लोकांना टोंगाचे पासपोर्ट विकण्याचा उद्योगही त्याच काळातला. १९८८ ते १९९० या काळात टोंगाने एकूण १६ जागांसाठी अर्ज केले. व्यवहार बघायला 'फ्रेंडली आयलंड्स सॅटेलाइट कम्युनिकेशन्स' ऊर्फ टोंगासॅट ही कंपनी निघाली. तिच्यात मोठा वाटा राजकन्या पिलोलेवू यांचा.

इंटेलसॅट या अनेक देशांनी मिळून चालवलेल्या उपग्रह-संस्थेचा तिळपापड झाला. स्वतःचा एकही उपग्रह नसलेला लाखभर वस्तीचा देश १६ जागा अडवतो आणि वर्षाला २० लाख डॉलर भाड्याची भाषा करतो, ही सट्टेबाजी आहे, असा तिचा आक्षेप. आक्षेपात तथ्य होतं. पण तो घेणारी संस्था याच कक्षेत वर्षानुवर्षं ऐसपैस बसली होती, हेही तेवढंच खरं. शिवाय टोंगाने नियम मोडला नव्हता. नियम जसा लिहिला होता तसाच तो वाचला होता. वाटाघाटींत टोंगाने माघार घेतली, आणि सहा जागांवर तडजोड झाली. आजही या प्रकरणाचा दाखला निघतो तो 'कागदी उपग्रहां'च्या, म्हणजे फक्त अर्जातच असलेल्या उपग्रहांच्या संदर्भात. संघाच्या दप्तरात असे कागदी घोडे पुढे इतके नाचले, की १९९७ च्या परिषदेला निर्मात्याशी आणि प्रक्षेपकाशी झालेल्या करारांचा तपशील मागावा लागला. नंतर अर्जांवर शुल्कही आलं. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे सध्या सात वर्षांत, उपग्रह जागेवर आला नाही, तर हक्क जातो.

कागदावरचा हक्क प्रत्यक्षात राखणं किती अवघड, ते १३४ अंश पूर्व रेखांशावरच्या टोंगाच्या जागेने दाखवलं. १९९३ मध्ये इंडोनेशियाच्या एका कंपनीने तिथे आपला उपग्रह आणून ठेवला. टोंगाने आरडाओरडा केला. संघ नोंदणी करतो, समन्वय घडवतो. पण त्याच्याकडे पोलीस नाहीत. दोन्ही देशांनी आपापसांत समझोता केला, तरी धुसफूस संपली नाही. १९९६-९७ च्या सुमाराला टोंगाकडून जागा घेतलेल्या हाँगकाँगच्या कंपनीच्या उपग्रहावर इंडोनेशियाकडून मुद्दाम लहरींचा मारा झाला. कक्षेतल्या जागेच्या भांडणात व्यापारी उपग्रह जाम केल्याचं हे गाजलेलं उदाहरण.

टोंगाच्या सुरुवातीच्या भाडेकरूंत अमेरिकेतल्या फोर्ट वेनची रिमसॅट होती. तिने रशियन गोरिझोंत उपग्रह आणून टोंगाच्या जागांवर उभे केले, आणि काही वर्षांत तिचं दिवाळं निघालं. नव्वदच्या दशकात भारतात खासगी वाहिन्यांचं पेव फुटलं, तेव्हा दक्षिणेतल्या काही वाहिन्या या उपग्रहांवरून दिसत. गल्लीतला केबलवाला गच्चीवरची भली मोठी डिश पूर्वेकडे वळवत होता, तेव्हा ती टोंगाच्या नावावरच्या जागेकडे रोखली जात होती, याची आपल्याकडे कुणाला कल्पना असणार?

पैसा आला, पण तो कुणाच्या खिशात गेला? १९९८ मध्ये टोंगाने तैवानशी संबंध तोडून चीनशी जोडले, आणि पुढे चीनशी या जागांचे व्यवहार वाढले. २००८ आणि २०११ मध्ये चीनकडून मिळून सुमारे पाच कोटी डॉलर आले, आणि त्यातला मोठा भाग टोंगासॅटकडे वळवला गेला. ही सरकारला मिळालेली मदत होती की कंपनीची कमाई, यावर संसदेत आणि मग न्यायालयात वर्षानुवर्षं वाद चालला. माझ्या मते घोळ मुळातच होता. अर्ज देशाच्या नावाने, सार्वभौमत्व देशाचं आणि कंपनी घरातली, असा कारभार असला की नियामक नेमका कोणावर नियंत्रण ठेवणार?

जमिनीवरही तेच चित्र. परदेशी फोनची सेवा केबल अँड वायरलेस या ब्रिटिश कंपनीकडे होती. २००१ मध्ये सरकारी टोंगा कम्युनिकेशन्स कॉर्पोरेशन आली. तिच्या स्पर्धेत उतरली टॉनफोन, युवराज तुपोऊतोआ यांच्या शोरलाइन समूहाची. नोव्हेंबर २००६ मध्ये राजधानी नुकूअलोफात लोकशाहीच्या मागणीवरून दंगल उसळली, तेव्हा शोरलाइनची इमारतही पेटली. त्यानंतर टॉनफोन डिजिसेल या मोबाइल कंपनीने घेतली. २०२२ पासून डिजिसेलचा प्रशांत महासागरातला धंदा ऑस्ट्रेलियाच्या टेल्स्ट्राकडे आहे. आणि इतक्या जागांचा हा धनी बाहेरच्या जगाशी बोलायला महागड्या उपग्रह-जोडणीवरच अवलंबून होता. फिजीपर्यंतची ८२७ किलोमीटरची केबल आली ती थेट २०१३ मध्ये, जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेच्या पैशावर.

ही केबल जानेवारी २०१९ मध्ये तुटली आणि देश जवळपास दोन आठवडे आंधळा झाला. मग सरकारने सिंगापूरच्या कॅसिफिक कंपनीशी १५ वर्षांचा उपग्रह-करार केला, पण तो पैशांच्या वादात अडकला. १५ जानेवारी २०२२ ला हुंगा टोंगा ज्वालामुखी फुटला तेव्हा तो पर्याय चालू नव्हता. केबलचे तुकडे झाले, राखेमुळे सॅटेलाइट फोनही धड लागेनात. ऑकलंड-सिडनीतले टोंगन आपल्या माणसांची खबर मिळवायला दिवसेंदिवस तडफडत होते. काही दिवसांनी नुकूअलोफातल्या विद्यापीठाच्या आवारातली डिश वापरून टूजी फोन जेमतेम सुरू झाले, आणि पैसे पाठवण्या-घेण्याच्या कचेऱ्यांपुढे रांगा लागल्या. परदेशातून येणारा पैसा हा या देशाच्या अर्थव्यवस्थेचा कणा; जोडणी नाही म्हणजे घरात रोकड नाही. मुख्य केबल २२ फेब्रुवारीला जोडली गेली. उत्तरेकडची, वावाऊची शाखा पूर्ववत व्हायला २०२३ उजाडलं.

त्याच काळात स्टारलिंकच्या ५० डिशा मदत म्हणून आल्या, आणि लोकांना सवय लागली. हे उपग्रह स्थिर कक्षेत नाहीत, खालून सरकत जातात. त्यांना टोंगाच्या जागांची गरजच नाही. मात्र टोंगाच्या हद्दीत लहरी वापरायला टोंगाचा परवाना लागतो, आणि तो देणारं खातं आहे हवामान, ऊर्जा, आपत्ती, पर्यावरण आणि दळणवळण हे सगळं एकाच छताखाली सांभाळणारं. २०२४ चा हुकूम तिथून निघाला. केबलवर आणि सरकारी कंपनीवर पैसा घालून बसलेल्या सरकारला गिऱ्हाइकं थेट आकाशाकडे वळलेली परवडणारी नव्हती, हा त्यामागचा न बोललेला हिशेब असावा. दुसरीकडे वावाऊला हवाइकी या आंतरराष्ट्रीय केबलशी थेट जोडण्याची योजना ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या पैशावर हाती घेतली गेली. फिजीची केबल तुटली तरी देशाला बाहेर पडायला समुद्राखालून दुसरी वाट असावी, हा तिचा हेतू.