‘रामायणा’तले चेहरे नवखे नव्हते

बडोद्यात, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत एक समज अजून टिकून आहे: रामानंद सागर यांनी १९८७ च्या ‘रामायण’ मालिकेसाठी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली माणसं निवडली. हे खरं नाही, आणि त्यात आपल्याच कलावंतांवर अन्याय होतो.

ज्या सीतेला बडोद्याने १९९१ मध्ये लोकसभेवर पाठवलं, तेही बडोद्याच्या राजघराण्यातल्या रणजितसिंह गायकवाडांना हरवून, त्या दीपिका चिखलिया १९८३ मध्येच ‘सुन मेरी लैला’च्या नायिका होत्या. अरुण गोविल ‘सावन को आने दो’मुळे (१९७९) घरोघरी पोहोचले होते. रावण झालेले अरविंद त्रिवेदी तर गुजराती पडद्यावरचं मोठं नाव. इथल्या कोणत्याही गुजराती शेजाऱ्याला विचारा.

मला जास्त खटकतं ते मराठी नावांचं विसरणं. कौसल्या म्हणजे ‘सांगत्ये ऐका’च्या (१९५९) जयश्री गडकर! दशरथ झालेले बाळ धुरी हे प्रत्यक्षातही त्यांचे पती. आणि मंथरा? येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार. मूकपटांपासून काम करणारी ही नायिका. १९४२ च्या सुमारास एका दृश्यात बसलेल्या थपडेने डावा डोळा कायमचा अधू झाला, तेव्हा त्या चरित्र भूमिकांकडे वळल्या आणि पुढे कित्येक दशकं उभ्या राहिल्या. अशा बाईला ‘नवखी’ कसं म्हणायचं?

समज पसरला तो मालिकेच्या अफाट लोकप्रियतेमुळे. रविवारी सकाळी ज्यांना लोक टीव्हीसमोर हात जोडत, त्यांच्या आधीच्या भूमिका कुणाला आठवेनाशा झाल्या.