फट ओठाला की टाळूला?

ओठाला फट असलेलं बाळ हातात आलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो आणि लगेच प्रश्न येतो, हे दूध कसं पिणार? पण दूध अडतं ते बहुतेक वेळा ओठामुळे नाही, टाळूमुळे. टाळू म्हणजे इथे डोक्यावरची मऊ जागा नव्हे, तोंडाचं छत. दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे घोळ होतोच.

बाळ दूध पिताना जीभ आणि जबडा खाली नेतं, तोंडातला हवेचा दाब कमी होतो आणि दूध आत ओढलं जातं. त्यासाठी तोंड पुढून ओठांनी आणि वरून-मागून टाळूनं बंद व्हावं लागतं. स्ट्रॉला मध्येच भोक असेल तर कितीही ओढा, पाणी वर येत नाही, तसंच हे.

फक्त ओठाला फट असेल तर गळती पुढच्या बाजूला असते. स्तनाचा मऊ भागच ती फट भरून काढतो, किंवा आई अंगठ्यानं झाकते. अशी बरीच बाळं अंगावर नीट पितात.

टाळूला फट असेल तर तोंड आणि नाक आतून एक झालेलं असतं. बाळ जोरात चोखतंय असं दिसतं, जबडा हलतो, चकचक आवाज येतो, पण पोटात दुधापेक्षा हवाच जास्त जाते. नाकातून दूध येतं, बाळ दमून झोपतं, वजन वाढत नाही. मग आईला ऐकवलं जातं, ‘तुलाच दूध कमी आहे.’ हा अन्याय आहे. गिळणं बहुतेकदा ठीक असतं, ओढणं जमत नाही. म्हणून दूध बाळापर्यंत पोचवावं लागतं. आईचं काढलेलं दूध दाबता येणाऱ्या मऊ बाटलीनं, बाळाच्या चोखण्याच्या तालावर हलकं दाबत, किंवा एकेरी झडपेच्या (दूध निपलकडे येतं, मागे परतत नाही अशा) बाटलीनं, त्याला उभट धरून द्यायचं. मध्ये मध्ये ढेकर काढायचा. अर्ध्या तासाच्या वर ताणू नये, पिण्यातच ताकद खर्च होते. निपलचं भोक घरी मोठं करणं धोक्याचं, ठसका लागतो. ओठ आणि टाळू दोन्हीला फट असली तरी हीच रीत.

ओठ अगदी धड असूनही टाळूला फट असू शकते. कधी तर वरचं अस्तर अखंड आणि खालचे स्नायू तेवढे न जुळलेले. पडजीभ दुभागलेली दिसली तर शंका घ्यावी. म्हणून जन्मानंतर नुसतं बोट फिरवून भागत नाही, टॉर्च लावून थेट मागपर्यंत पाहावं लागतं. हनुवटी फार लहान असून श्वासाला त्रास होत असेल तर तो बाटलीचा प्रश्न नाही, ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावं.

ओठाची शस्त्रक्रिया साधारण 3 ते 6 महिन्यांत होते, टाळूची बहुधा 9 ते 18 महिन्यांत. ओठ शिवल्यावर चेहरा बदलतो आणि आता बाळ स्वतः ओढून पिईल असं सगळ्यांना वाटतं. टाळू उघडी असेल, तर बाटली मात्र तीच ठेवावी लागते.