फंडोप्लिकेशननंतरचा आंत्रावरोध

अन्ननलिकेत वारंवार चढणारे आम्ल रोखण्यासाठी केलेल्या फंडोप्लिकेशन या शस्त्रक्रियेनंतर, काही दिवसांनी किंवा कित्येक वर्षांनीही, आतड्याचा मार्ग बंद होणे. हा उपद्रव विरळा आहे. मात्र आंत्रावरोधाची सर्वांत ओळखीची खूण, म्हणजे उलटी, अशा रुग्णात दिसेलच असे नाही आणि निदान तिथेच चुकते.

रुडॉल्फ निसेन यांनी 1955 मध्ये बाझेल येथे ही शस्त्रक्रिया प्रथम केली. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती मफलरसारखा पूर्ण गुंडाळून शिवतात. 1991 पासून ती दुर्बिणीनेही होऊ लागली. वेढा घट्ट बसला की आम्ल वर येत नाही, पण ढेकरही अडतो आणि उलटीही. तूपे पद्धतीच्या 270 अंशांच्या अर्धवट वेढ्यात हा त्रास कमी असतो.

आतडे अडकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पोटात धरलेले चिकटे, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर आतील अवयवांना एकमेकांशी चिकटवणारे व्रणाचे पट्टे. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ते जास्त धरतात. दुर्बिणीसाठी पोटावर पाडलेल्या छिद्रातून आतडे बाहेर सरकणे किंवा श्वासपटलातील (छाती आणि पोट यांमधल्या पडद्यातील) फटीतून छातीत चढणे, हीही कारणे आहेत. खाली वाट बंद, वर वेढा. मधल्या जठरात पाचकरस आणि हवा साठत जातात. ताण वाढला की जठराच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो, ती काळी पडते, फुटूही शकते.

ठाणे-नवी मुंबईत असा रुग्ण आधी नाक्यावरच्या दवाखान्यात जातो. तक्रार एकच: ‘गॅस धरलाय.’ घरी ओवा, सोडा घेऊन झालेला असतो. ‘उलटी झाली?’ या प्रश्नाला ‘नाही, नुसते कोरडे उमासे येतात’ हे उत्तर मिळते आणि दोन्ही बाजूंना हायसे वाटते. खरे तर याच उत्तरावर डॉक्टरांनी सदरा वर करून पाहावे. बेंबीच्या वर चार-पाच बारीक, फिकट व्रण दिसले, तर ते कसले हे विचारणे भाग आहे. जुने ऑपरेशन रुग्ण आपणहून सांगतोच असे नाही. वेदनाशामक इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याची ही वेळ नव्हे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा नेरूळ, कामोठे येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये यांसारख्या, सर्जन हजर असलेल्या ठिकाणी त्याला लगेच हलवावे.

तिथे नाकातून जठरात नळी (राइल्स ट्यूब) घालून साठा काढतात. वेढ्यामुळे ती कधी अडते. जोर न लावता अनुभवी हाताने घालावी लागते. सोबत सलाइन, रक्तातील क्षारांची तपासणी, एक्स-रे आणि सीटी स्कॅन. चिकट्यांचा अडथळा कधी एवढ्यावरही सुटतो. आतड्याला पीळ पडला असेल किंवा रक्तपुरवठा तुटल्याची शंका असेल, तर मात्र शस्त्रक्रिया लांबवता येत नाही.

लहान मुलांत अधिक सावध राहावे लागते. मेंदूच्या विकारामुळे नीट गिळता न येणाऱ्या मुलांवर ही शस्त्रक्रिया बरेचदा होते, आणि ‘पोट दुखतंय’ हे त्यांना सांगता येत नाही. पोट ताणलेले, मूल किरकिरे, दूध जिरत नाही, एवढेच आईला दिसते. अन्नासाठी पोटावर गॅस्ट्रोस्टोमीची नळी बसवलेली असेल, तर दूध बंद करून ती उघडी ठेवावी. हवा आणि रस बाहेर पडून जठरावरचा ताण कमी होतो. नळीतून हिरवट पित्त येऊ लागले, तर रात्र असली तरी मुलाला रुग्णालयात न्यावे.