आयर्लंडमध्ये काय आलं: कारखाना की कागद?

जुलै 2016 मध्ये आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने जाहीर केलं की 2015 साली देशाचा जीडीपी 26.3 टक्क्यांनी वाढला. जेमतेम 47 लाख वस्तीचा देश एका वर्षात सव्वापट झाला! त्या वर्षी डब्लिनमध्ये कोणाचा पगार सव्वापट झाला नव्हता, की कॉर्कमध्ये सव्वापट घरं उभी राहिली नव्हती. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी या आकड्याला ‘लेप्रिकॉन इकॉनॉमिक्स’ असं नाव दिलं. लेप्रिकॉन म्हणजे आयरिश लोककथांमधला, सोन्याचा हंडा लपवून ठेवणारा बुटका.

आपल्याकडे आयर्लंडचं उदाहरण वारंवार दिलं जातं. मालवण तालुक्यातल्या वराडचे अशोक वराडकर यांचे चिरंजीव लिओ 2017 साली तिथले पंतप्रधान झाले, तेव्हापासून तर जास्तच. ऐकवली जाणारी गोष्ट अशी: छोट्या देशाने कर कमी केला, परदेशी कंपन्या धावत आल्या, देश श्रीमंत झाला. यातलं काहीच खोटं नाही, पण ही अर्धीच गोष्ट आहे आणि ती तशी सांगितली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं. ‘परकीय गुंतवणूक’ या एकाच शब्दाखाली आयर्लंडमध्ये दोन निरनिराळ्या गोष्टी आल्या. एकीत माणसं कामाला लागली. दुसरीत नफा नोंदवण्याची जागा बदलली.

पहिली गोष्ट बघायची तर लीक्सलिपला जावं. डब्लिनच्या पश्चिमेला, किल्डेअर काउंटीत हे गाव आहे. तिथे घोड्यांची पैदास होत असे त्या जमिनीवर इंटेलने 1989 पासून चिपचा कारखाना उभारायला घेतला. कंपनी सहज आली नव्हती. तिची शंका रास्त होती: चिप बनवण्याचा अनुभव असलेले इंजिनियर या देशात आहेतच कुठे? गुंतवणूक आणण्याचं काम करणाऱ्या आयडीए या सरकारी संस्थेने यावर सवलतींची रक्कम वाढवून उत्तर दिलं नाही. तिच्या माणसांनी परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, चिप उद्योगात काम करणाऱ्या आयरिश इंजिनियरांना गाठलं आणि एकेकाला विचारलं: घराजवळ असं काम मिळालं तर परत याल का? बहुतेकांनी हो म्हटलं, आणि ती उत्तरं इंटेलपुढे ठेवली गेली. आयर्लंडचा सगळा कारभार कोणाला एका प्रसंगातून समजावायचा झाला तर मी हाच प्रसंग सांगेन.

त्यामागे चाळीस वर्षांची खटपट होती. आयडीए 1949 सालची. 1950 च्या दशकात सुमारे चार लाख माणसं देश सोडून गेली. गावंच्या गावं ओस पडत होती, तेव्हा 1958 साली अर्थखात्याचे सचिव टी. के. व्हिटेकर यांनी बंद दारांचं धोरण सोडण्याचा अहवाल मांडला. पुढच्याच वर्षी शॅनन विमानतळाला लागून मुक्त औद्योगिक क्षेत्र सुरू झालं. 1967 पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं, 1970 च्या सुमारास प्रादेशिक तंत्र महाविद्यालयं उघडली आणि 1973 साली देश युरोपीय समुदायात गेला. करसवलत यात होतीच: आधी निर्यातीच्या नफ्यावर सूट, 1981 पासून कारखानदारीला 10 टक्के, आणि 2003 पासून सरसकट 12.5 टक्के. पण नुसत्या कमी कराने चिप बनत नाहीत. शाळेच्या फीपायी अडलेली मुलं 1967 नंतर वर्गात बसली नसती तर इंटेलपुढे मांडायला कोणाची नावं होती?

आता दुसरी गोष्ट. समजा एका मोठ्या कंपनीने आपली पेटंटं आणि सॉफ्टवेअरचे हक्क आयर्लंडमधल्या उपकंपनीच्या नावावर केले. फोन बनतो चीनमध्ये, दुसऱ्याच कंपनीच्या कारखान्यात, पण कंत्राट आयरिश उपकंपनीचं. बनत असतानाही माल तिच्याच मालकीचा. तो फोन चीनमधून थेट जर्मनीत विकला जातो आणि आयर्लंडची निर्यात म्हणून नोंदला जातो. डब्लिनच्या बंदराला तो कधी लागलेलाही नसतो. पेटंटांचा दरवर्षी जो घसारा, म्हणजे किमतीतली घट, धरायचा, तोही जीडीपीतून वजा होत नाही, कारण जीडीपी सकल आकडा आहे. 2015 ची उडी मुख्यतः अशा स्थलांतरातून आली. बहुतेक अर्थतज्ज्ञ त्याचा संबंध ॲपलच्या फेररचनेशी जोडतात. सांख्यिकी कार्यालयाने मात्र गोपनीयतेच्या नियमामुळे कंपनीचं नाव घेतलं नाही.

विमानांचंही तसंच. 1975 साली शॅननमध्ये गिनेस पीट एव्हिएशन ही विमानं भाड्याने देणारी कंपनी निघाली आणि त्यातून एक मोठा धंदा वाढला. आज जगभर उडणारी हजारो भाड्याची विमानं आयरिश कंपन्यांच्या ताळेबंदात असतात. त्यांतली कित्येक आयर्लंडच्या धावपट्टीवर कधी उतरतही नाहीत.

हे दोन्ही वेगळं मोजायचं कसं? आयर्लंडने त्यासाठी 2017 पासून स्वतःचं माप आणलं: सुधारित सकल राष्ट्रीय उत्पन्न. तिथे त्याला जीएनआय-स्टार म्हणतात. परदेशातून आणलेल्या पेटंटांचा आणि भाड्याच्या विमानांचा घसारा त्यातून वगळतात. ज्या कंपन्यांनी फक्त मुख्यालय तिथे हलवलं, त्यांचा नफाही वगळतात. 2023 साली जीडीपी 500 अब्ज युरोंच्या वर होता आणि हे सुधारित उत्पन्न साधारण 300 अब्ज. फरक एवढा मोठा आहे. त्याच 2023 मध्ये जीडीपी घटला आणि नोकरीत असलेल्यांची संख्या मात्र वाढली. नुसता जीडीपी बघणाऱ्याला ते मंदीचं वर्ष वाटेल. कागद फुगला तेव्हा त्याची झळही बसली: युरोपीय संघाला द्यायची वर्गणी राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावर ठरते, ती वाढली.

दोन्ही गोष्टींची गल्लत होते याचं खरं कारण असं की त्या बऱ्याचदा एकाच दारातून येतात. ॲपल 1980 साली कॉर्कमधल्या हॉलीहिलला 60 माणसांनिशी आली आणि आज तिथे हजारो लोक काम करतात. म्हणजे अस्सल गुंतवणूक. पण याच कंपनीच्या आयरिश उपकंपन्यांचा बहुतेक नफा एका ‘मुख्य कार्यालया’च्या नावावर जात असे. युरोपीय आयोगाने 2016 साली म्हटलं की या कार्यालयाला ना कर्मचारी, ना जागा. ते फक्त कागदावर आहे. आयोगाने 13 अब्ज युरोंचा कर वसूल करायला सांगितलं, तर आयर्लंड सरकारने तो नको म्हणून ॲपलच्या बरोबरीने अपील केलं. वराडकरांच्या सरकारनेही तीच भूमिका कायम ठेवली. सप्टेंबर 2024 मध्ये युरोपीय न्यायालयाने आयोगाच्या बाजूने अंतिम निकाल दिला. हातात येणारा पैसा सरकार का नाकारत होतं? कंपन्यांना दिलेला शब्द न मोडणारा देश, हा आपला लौकिक त्याला 13 अब्जांपेक्षा मोलाचा वाटत होता. मला ही भूमिका पटत नाही, पण ती मूर्खपणाची नव्हती.

कागदाची गुंतवणूक अगदीच पोकळ असते, असंही म्हणता येणार नाही. तिच्यावरचा कर खरा असतो. 2014 साली कंपनी करातून सरकारला साधारण साडेचार अब्ज युरो मिळाले होते, 2023 साली जवळपास 24 अब्ज. त्यातून शाळा-दवाखान्यांचे पगार होतात. धोका असा की यातला निम्म्याहून अधिक वाटा जेमतेम दहा कंपन्यांचा आहे आणि पेटंटाला नवा पत्ता द्यायला जहाज लागत नाही. म्हणून 2024 साली सरकारने या पैशाचा एक भाग बाजूला टाकायला ‘फ्युचर आयर्लंड फंड’ काढला. त्याच वर्षापासून मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना किमान 15 टक्के करही लागू झाला.

आपल्यालाही ही गल्लत परकी नाही. भारतात येणाऱ्या परकीय गुंतवणुकीच्या यादीत मॉरिशसचं नाव वर्षानुवर्षं सगळ्यात वर असे. मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या जिथे राहतात ते हे बेट आपल्याला जवळचं, पण तो पैसा तिथल्या कारखान्यांतून येत नव्हता. भारत-मॉरिशस कर-करारामुळे शेअरविक्रीच्या नफ्यावर भारतात कर लागत नसे, म्हणून तो त्या वाटेने येई. 2016 साली करार बदलला आणि एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरना ती पूर्ण सूट उरली नाही.

कारखानाही उठून जातो, हे खरं. जानेवारी 2009 मध्ये डेल या संगणक कंपनीने आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातलं उत्पादन पोलंडमधल्या वुचला हलवायचं ठरवलं आणि 1,900 जणांच्या नोकऱ्या जाणार असं जाहीर झालं. शहराची ती फार वाईट वर्षं होती. पण शहराच्या राहीन भागातली ती भलीमोठी इमारत, तिथवर आणलेली वीज आणि रस्ते, शहरातलं विद्यापीठ आणि कारखान्यात काम करून तयार झालेली माणसं मागे राहिली. काही वर्षांनी रिजेनेरॉन या अमेरिकन औषध कंपनीने तीच इमारत घेतली. जिथे संगणक जोडले जात, तिथे आता मोठमोठ्या टाक्यांमध्ये पेशी वाढवून औषधं बनवतात.